पाठ कुठंय?

मागच्या दिवाळीत घरी आलो तेव्हा माझ्या बॅगेत लॅपटॉप होता आणि डोक्यावर ताईचं एक काम होतं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. एम.एस्सी. नर्सिंग करून ती एका नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि गेली दोन वर्षं पीएच.डी.चा विषय शोधतेय. तिच्या गाईडनं सांगितलं होतं, “आधी रिसर्च गॅप दाखवा, मग विषयाचं बोलू.” गॅप दाखवायची तर आजवर काय काय झालंय ते माहीत पाहिजे. आणि नर्सिंगवर आजवर छापलेलं सगळं वाचायला बसली असती तर ताई त्यातच रिटायर झाली असती. म्हणून तिनं मला फोन केला. “अरे, ते नकाशे काढतात ना, रंगीत गोळ्यांचे? तसला एक काढून दे. तुला कोडिंग येतं.”

घरातल्या एकाला कोडिंग आलं की त्याला प्रिंटरपासून पीएच.डी.पर्यंत सगळं येतं असा घरच्यांचा समज असतो. मी हो म्हटलं.

तर हा नकाशा काय असतो? कल्पना सोपी आहे. प्रत्येक शोधनिबंधाला विषयाचे काही शब्द जोडलेले असतात, आपल्या हॅशटॅगसारखे. दोन शब्द एकाच निबंधात आले की त्यांच्यात एक रेघ. हजारो निबंधांत वारंवार एकत्र आले की रेघ जाड आणि शब्द एकमेकांच्या जवळ. शब्द जितक्या वेळा येईल तितका त्याचा गोळा मोठा. ही पद्धत फ्रान्समध्ये मिशेल कॅलों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये मांडली. आज हे काम करायला नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी बनवलेलं व्हीओएसव्ह्यूअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डेटाही फुकट मिळतो. पबमेडवर फक्त नर्सिंगची नियतकालिकं निवडायची सोय आहे. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी हजारो निबंधांची फाइल तयार होती.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. डेटा साफ करणं. ‘नर्स’, ‘नर्सेस’, ‘नर्सिंग स्टाफ’ हे मशीनला तीन वेगळे शब्द वाटतात. त्यांना एक करायला एक यादी द्यावी लागते, डावीकडे जुना शब्द आणि उजवीकडे तुम्हाला हवा तो. या यादीत मला एक गमतीशीर गट सापडला. बेडसोअर, डेक्युबिटस अल्सर, प्रेशर अल्सर, प्रेशर इंज्युरी. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचेला होणाऱ्या त्याच एका जखमेची ही चार नावं. अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळानं २०१६मध्ये ‘अल्सर’ऐवजी ‘इंज्युरी’ म्हणायचं ठरवलं, कारण कातडी फुटायच्या आधीही आत इजा झालेली असते. नावं वेगळी राहिली तर चार बारके ठिपके दिसतात. मी चौघांना एका ओळीत घातलं आणि एक बऱ्यापैकी गोळा तयार झाला.

मग उंबरठा ठरवायचा. शब्द किमान किती वेळा आला तर तो नकाशात घ्यायचा? आकडा लहान ठेवला तर स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. मी दहा लिहिले. का दहा? काही कारण नाही. दहा बरे दिसले. नऊ वेळा आलेले सगळे शब्द त्या क्षणी नकाशातून गेले आणि कुणाला कळलंही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. ताई आली होती. आई फराळाचे डबे भरत होती. स्क्रीनवर उजवीकडे मोठमोठे लाल आणि पिवळे गोळे होते, नर्सिंगचं शिक्षण, विद्यार्थी, सिम्युलेशन, बर्नआउट, नोकरीतलं समाधान, नोकरी सोडण्याचा विचार, नेतृत्व. २०२०नंतरच्या निबंधांमुळे कोविडचा गोळा मधोमध येऊन बसला होता. डावीकडे निळ्या-हिरव्या रंगात वृद्ध, वेदना, कॅन्सर, मरणासन्न रुग्णांची सेवा, कुटुंबीय. दिसायला झकास होतं. ताईनं लगेच फोटो काढला.

आई डबा हातात घेऊन टीव्हीसमोर उभी राहिली. ती सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. एकतीस वर्षं झाली, अठ्ठावन्नला निवृत्त होईल. तिनं चष्मा वर सरकवला, थोडं वाकून पाहिलं आणि म्हणाली,

“यात पाठ कुठंय?”

मी झूम करून दाखवलं. निळ्या भागाच्या कडेला ‘प्रेशर अल्सर’.

“ही झालेली,” आई म्हणाली. “न झालेली कुठं दाखवतात?”

ताई हसली. मला हसता आलं नाही. का ते सांगतो.

२०२१मध्ये आमची आजी, म्हणजे बाबांची आई, न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आईच्या रुग्णालयात तेव्हा कोविडमुळे जागा नव्हती, म्हणून आजीला एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. आईला रजा मिळत नव्हती. माझं वर्क फ्रॉम होम होतं, त्यामुळे आजीजवळ मी. खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. पहिल्याच दिवशी तिथल्या सिस्टरनं सांगितलं, “दर दोन तासांनी कूस बदलत जा. एकटीनं मला सगळ्या मजल्याचं होत नाही.” मी मोबाइलमध्ये दोन-दोन तासांचे अलार्म लावले.

अलार्म वाजायचा तेव्हा मी कॉलवर असायचो. किंवा आजी नुकतीच झोपलेली असायची. किंवा वळवताना ती कण्हायची आणि मला वाटायचं, राहू दे, दुखतंय तिला. आणखी एक कारण होतं, जे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आजीच्या अंगाला असा हात घालायचा मला संकोच वाटायचा. पातळ सरकलेलं असायचं, तिलाही लाज वाटायची. मी अलार्म स्वाइप करून टाकायचो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आई ड्यूटीवरून थेट दवाखान्यात आली. पर्स ठेवली, हात धुतले, आजीशी बोलत बोलत तिच्या कमरेखाली तळवा घातला आणि गप्प झाली. मग मला म्हणाली, “आज वळवलं नाही कुणी.” आवाज चढवला नाही. तिनं आजीला कुशीवर घेतलं. माकडहाडावर रुपयापेक्षा मोठा लालजांभळा डाग होता. आईनं त्यावर बोट दाबून उचललं. कातडी चांगली असती तर बोट उचलल्यावर क्षणभर पांढरी पडून परत लाल झाली असती. ती पांढरी पडलीच नाही.

पुढे तिथे जखम झाली. दीड महिन्यानं आजी गेली. तिला मधुमेह होता, वय ब्याऐंशी होतं, नंतर छातीत कफ झाला. जखमेनं गेली असं कुणी म्हणालं नाही. आई तर कधीच म्हणाली नाही. पण मला त्या अलार्मची ट्यून अजून ऐकवत नाही.

तर टीव्हीवरच्या माझ्या सुंदर नकाशात ती जखम आता एक निळा ठिपका होती. तिची चार नावं एकत्र करून तो ठिपका मीच मोठा केला होता.

आईचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या क्षेत्रातही हे आहे. रात्री तीनला सर्व्हर पडला आणि तुम्ही उठून चालू केलात तर तिकीट बनतं, सकाळी मेल येते, कौतुक होतं. कुणी गेल्याच आठवड्यात डिस्क भरत आल्याचं पाहून ती साफ केली असेल तर काही बनत नाही. काही घडलंच नाही, तर नोंद कशाची? डेटा घडलेल्या गोष्टींचा असतो आणि नकाशा डेटाचा असतो.

पण ही अडचण नर्सिंगवाल्यांना माझ्या कितीतरी आधी कळली होती. सुट्टीचे उरलेले दिवस मी तेच वाचत बसलो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला आपण हातात दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो. १८५८मध्ये तिनं क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंची गोल आकृती छापली. त्यात जखमांनी मेलेले लाल, इतर कारणांनी मेलेले काळे, आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले निळे. निळा भाग बाकी दोन्हींपेक्षा कितीतरी मोठा होता. निळा रंग म्हणजे जे घडायला नको होतं ते. त्याच वर्षी ती लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली स्त्री सभासद झाली. म्हणजे न घडलेलं दाखवायचा एक रस्ता तिनं काढला होता. जे टाळता आलं असतं ते मोजा.

दुसरी बाई व्हर्जिनिया हेंडरसन. १९५६मध्ये ‘नर्सिंग रिसर्च’ या नियतकालिकात तिनं तक्रार केली की संशोधन होतंय ते नर्सवर. नर्स कोण, कशी शिकते, काय विचार करते, यावर ढीगभर, आणि ती रुग्णाजवळ जे करते त्यावर फारच थोडं. नुसती तक्रार करून ती थांबली नाही. येल विद्यापीठात तिनं १९०० ते १९५९ या साठ वर्षांतल्या नर्सिंगच्या लिखाणाची सूची करायला घेतली. चार खंड झाले. संगणकाशिवाय, माणसांनी वाचून वाचून केलेली सूची. मी एका रात्रीत स्क्रिप्टनं जे ओढलं त्याची ती पणजी म्हणायची. आणि माझ्या नकाशाची उजवी बाजू बघा. मोठे गोळे अजून नर्सचेच होते.

हे मी ताईला उत्साहानं सांगितलं. मला वाटलं गॅप मिळाली. ती म्हणाली, “इतकं सोपं नाही रे.” आणि तिनं मला लिंडा एकेनचा अभ्यास दाखवला. २००२, पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले दोन लाखांहून जास्त रुग्ण. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी. “म्हणजे उजवीकडचा बर्नआउट आणि डावीकडची पाठ या दोन गोष्टी नाहीत,” ताई म्हणाली. “एकटीकडे चाळीस पेशंट असतील तर ती काय सोडून देते, ते बघ.”

ते बघणारीही एक आहे. बिआट्रिस कॅलिश. तिनं २००६मध्ये नर्सेसच्या गटांना बसवून विचारलं, तुमच्याकडून कुठली कामं राहून जातात? नऊ गोष्टी निघाल्या. चालवणं, भरवणं, धीर देणं, आंघोळ आणि स्वच्छता, लक्ष ठेवणं वगैरे. त्यांत एक होती कूस बदलणं. या राहून गेलेल्या कामांना इंग्रजीत ‘मिस्ड नर्सिंग केअर’ म्हणतात. मी नकाशात तो शब्द शोधला. लाल आणि निळ्या भागांच्या मध्ये, बारीकसा, दोन्हीकडे एकेक पातळ रेघ गेलेला. पहिल्या दिवशी तो मला दिसलाही नव्हता.

आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “हे कळायला अमेरिकेत कशाला जायला पाहिजे?” पण थोड्या वेळानं तिनंच एक गोष्ट सांगितली. ती नर्सिंग शिकली तेव्हा पाठेची काळजी म्हणजे स्पिरिट लावून, पावडर टाकून पाठ चोळायची. लाल डाग दिसला तर तो जास्त चोळायचा, रक्त खेळतं म्हणून. पुढे एका ट्रेनिंगमध्ये कळलं की लाल झालेली जागा चोळायची नाही, आतली इजा वाढते. दाब काढायचा, बस. “आधी किती जणींच्या पाठी चोळल्या असतील मी,” ती म्हणाली. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सनं वृद्धांच्या वॉर्डात पाहणी करून १९६२मध्ये तिचे निष्कर्ष छापले होते. कुणाला जखम होण्याचा धोका आहे हे ठरवायला गुण द्यायची पद्धतही तिचीच. चोळण्या-माखण्यापेक्षा दाब काढण्यानं फरक पडतो हे तिथं दिसलं होतं. ते आईच्या हातापर्यंत यायला कित्येक दशकं गेली. म्हणून पेपर महत्त्वाचे नाहीत असं मला म्हणता येत नाही. हाताला कळतं, पण हात चुकतोही, आणि तो चुकलाय हे कुणीतरी मोजून लिहावं लागतं.

आणि उलटंही आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३मध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला. २०१५मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षं, तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा निकाल आला, त्यात नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झालं नाही. हे वाक्य मी पूर्वीही वाचलं होतं, बातमीतलं वाक्य म्हणून. यावेळी वाचताना मला दर दोन तास दिसले. कितीजणींच्या किती ड्यूट्या, किती उशा, किती वेळा घातलेला तळवा. न झालेली पाठ कुठं दाखवतात, या आईच्या प्रश्नाचं एक उत्तर मला न्यायालयाच्या कागदात मिळालं. ज्याला जखम होण्याची पुरेपूर शक्यता होती, त्याला ती झाली नाही असं कुणीतरी मुद्दाम लिहिलं तरच ती दिसते.

भाऊबीजेला ताई परत आली तेव्हा तिचा विषय जवळपास ठरला होता. आपल्याकडच्या वॉर्डात रुग्णाला वळवतं कोण? कागदावर नर्स. प्रत्यक्षात रात्री एक सिस्टर, एखादी मावशी आणि प्रत्येक खाटेखाली चटई टाकून झोपलेला एक नातेवाईक. आमच्या नकाशात ‘कुटुंबीय’ हा गोळा होता, पण तो डिमेन्शियाच्या आणि घरी केलेल्या सेवेच्या शेजारी. वॉर्डातल्या चटईवरचा माणूस त्यात दिसत नव्हता. ताईला विचारायचं होतं की या माणसाला सिस्टर नेमकं काय सांगते, कसं दाखवते, आणि त्यातलं तो काय करतो, काय सोडतो आणि का सोडतो.

“तुझ्यासारखेच लोक माझं सॅम्पल,” ती म्हणाली. “तू मला प्रॅक्टिससाठी मुलाखत दे.”

आई स्वयंपाकघरात होती. मी ताईला सगळं सांगितलं. अलार्म, कॉल, आजीचं कण्हणं, संकोच. पहिल्यांदाच. ताईनं मध्ये एकदाही “जाऊ दे रे” म्हटलं नाही, फक्त लिहीत होती. शेवटी तिनं विचारलं, “तुला कुणी करून दाखवलं होतं का, कसं वळवायचं?” मी विचार केला. नव्हतं दाखवलं. सांगितलं होतं.

आई कणकेचे हात पुसत बाहेर आली. तिनं ऐकलं होतं, की नव्हतं, मला माहीत नाही. ती म्हणाली, “झोप इथं.” मला दिवाणावर उताणं झोपवलं. माझा पलीकडचा हात छातीवर घेतला, पलीकडचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे घालून मला सहज स्वतःकडे वळवलं. मी शहात्तर किलोचा आहे. पाठीमागे उशी अशी लावली की मी पूर्ण कुशीवर नव्हतो, अर्धवट कलता होतो. पोटऱ्यांखाली दुसरी उशी, टाचा अधांतरी. “पूर्ण कुशीवर टाकलं तर खुब्यावर दाब येतो. इतकंच कलतं ठेवायचं. आणि चादर वर ओढून घ्यायची आधी, म्हणजे माणसाला लाज वाटत नाही.” ताई मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. सगळ्याला मिनिटभरही लागलं नाही.

नंतर मी तिला झोपवून तसंच करून पाहिलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “हां.”

पुण्याला परत यायच्या दिवशी आईची नाइट होती. सकाळी तिला घ्यायला मी गाडी घेऊन गेलो. तिला यायला वेळ होता, म्हणून वॉर्डाच्या दाराशी उभा राहिलो. आत ड्यूटी बदलत होती. आई रजिस्टर हातात घेऊन खाटेमागून खाट पुढे सरकत होती आणि मॉर्निंगच्या सिस्टरला रात्रीचा हिशोब देत होती. सलाइन किती गेलं, ताप किती, लघवी झाली का. जे रुग्ण स्वतः हलू शकत नव्हते त्यांच्याजवळ ती थांबायची, चादरीखाली हात घालायची आणि म्हणायची, “पाठ चांगली आहे.” दुसरी सिस्टर मान हलवायची आणि दोघी पुढे. रजिस्टरमध्ये त्याचा रकाना आहे का, हे मला दारातून दिसत नव्हतं.

मी मोजलं. अकरा वेळा. दहाचा उंबरठा पार होत होता.